घरातले इंधन

वसईजवळ नंदाखाल नावाचे गाव आहे. गावात केळी, नारळ आणि फुलांच्या वाड्या आहेत. पूर्वी वसईच्या वाड्यांना रहाटाने पाणी मिळत असे. बैल किंवा रेडा रहाट फिरवी. चुलीत वाळलेल्या झावळ्या, करवंट्या आणि लाकडे जळत. रात्री रॉकेलचा कंदील लागे. आज विहिरीवर विजेचा पंप आहे, घरात विजेचे दिवे आहेत आणि ओट्यावर गॅसची शेगडी आहे. माणसाचे कष्ट कमी झाले. पण मुलांनो, ही वीज येते कोठून?

नंदाखाल ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे दगडी कोळसा जाळून वीज तयार करतात. तारापूरला अणुवीजकेंद्र आहे. ते १९६९ साली सुरू झाले. तेथे कोळसा लागत नाही. मात्र आपल्या देशातील बहुतेक वीज अजूनही कोळशापासूनच मिळते. कोळसा जळताना कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. हा वायू उष्णता अडवून धरतो. म्हणून पृथ्वी हळूहळू तापत आहे.

आता थोडा हिशेब करू. आपण एक युनिट वीज वापरली, की सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. म्हणजे एका दिव्यामागे दरमहा ५ किलोहून अधिक वायू कमी होतो आणि बिलही उतरते.

१४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपतो, तेव्हा सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. मग गॅस सोडून पुन्हा चुलीकडे वळावे काय? मुळीच नाही. चुलीच्या धुराने आईचे डोळे चुरचुरतात. तिची आणि तिच्याजवळ बसलेल्या बाळाची फुप्फुसे खराब होतात. गरीब घरांना गॅस मिळावा म्हणून २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. तरीही सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नाही, म्हणून अनेक घरांत आजही चूल पेटते.

भारतात दर माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. अमेरिकेत हेच प्रमाण सुमारे १४ टन आहे. जे देशांचे, तेच घरांचे. एका घरात माणसे नसलेल्या खोलीतही पंखा फिरतो, तर दुसऱ्या घरात आई धुरात भाकरी भाजते. काटकसर पहिल्या घराने करावी. दुसऱ्या घराला आधी स्वच्छ इंधन मिळावे. उधळपट्टी थांबवणे आणि गरज भागवणे, ही दोन्ही कामे बरोबरच व्हायला हवीत.

शब्दार्थ
रहाट – विहिरीतून पाणी काढण्याचे चाक
झावळी – नारळाच्या झाडाची फांदी
औष्णिक – उष्णतेपासून होणारे
उधळपट्टी – गरज नसताना केलेला खर्च

स्वाध्याय
१. नंदाखालच्या परिसरात पूर्वी कोणती इंधने वापरत असत?
२. गॅस सोडून चुलीकडे वळणे योग्य का नाही?
३. तुमच्या घरातील विजेचे बिल पाहा. महिन्याला किती युनिट वीज लागते ते लिहा आणि हवेत किती वायू गेला याचा हिशेब करा.