पेटी भिंतीवर आहे, शिकलेला माणूस कुठे आहे?

(लहान कारखानदार व कारागीर बंधूंसाठी प्रथमोपचाराचा धडा)

व्यापार करणारा माणूस मालाचा विमा उतरवितो, दुकानाला मजबूत कुलूप लावतो, उधारीची वही जपून ठेवतो. परंतु ज्या हातांवर हा सारा धंदा उभा आहे, त्या हातांना कामावर असताना इजा झाली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावयाचे, याचा विचार आपल्या लहान कारखान्यांतून क्वचितच झालेला आढळतो. अपघात झाला की आरडाओरड होते, गर्दी जमते. कोणी पाणी पाजतो, कोणी हळद आणतो, कोणी रिक्षा शोधावयास धावतो. या धावपळीत जी मिनिटे जातात तीच बहुधा सर्वांत मोलाची असतात.

आपले व्यवसाय पाहा. भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांवर धोटा उडून डोळ्याला लागतो. सायझिंगमध्ये वाफेने व गरम खळीने अंग भाजते. बेकरीत भट्टी आणि मैदा मळण्याचे यंत्र, गॅरेजमध्ये बॅटरीचे ॲसिड, वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्या, सुताराकडे गोल करवत, मटणाच्या दुकानात सुरा व खिम्याचे मशीन. शिवणकामाच्या कारखान्यात सुई बोटातून आरपार जाते. आणि उघड्या वायरींचा धोका तर जवळजवळ सर्वच ठिकाणी आहे. हे धोके आपणा सर्वांना माहीत आहेत. माहीत नसते ते एवढेच की, अशा वेळी नेमके काय करावे.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवणे बंधनकारक होते. त्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, त्या पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काहीही ठेवावयाचे नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, ती पेटी प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी आणि कामाच्या सर्व वेळांत तो हजर असावा. म्हणजे नुसती पेटी पुरेशी नाही, तिच्यामागे शिकलेला माणूस हवा, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या विषयावर २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. कामाच्या सर्व वेळांत सहज हाती येईल अशी प्रथमोपचार पेटी ठेवण्याची जबाबदारी तिनेही मालकावर टाकली आहे. मात्र ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होते. आपल्यापैकी कित्येकांकडे चार, सहा किंवा आठच माणसे कामाला असतात. तेथे कोणी निरीक्षक येणार नाही. पण यंत्राला कामगारांची संख्या कळत नाही. पाच माणसांच्या शेडमधील करवतीनेही बोट तुटतेच. तेव्हा जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे मालकाने स्वतः होऊन ही जबाबदारी उचलली पाहिजे.

आता जेथे पेटी आहे तेथील स्थिती पाहावी. पुष्कळ ठिकाणी तिच्यात किल्ल्या, बिले, डोकेदुखीच्या गोळ्या आणि सुकून गेलेली मलमाची ट्यूब सापडते. पेटीला कुलूप असते आणि चावी मालकाच्या घरी. रात्रपाळीला अपघात झाला तर अशा पेटीचा उपयोग काय?

पाच प्रसंग, पाच धडे

पुढील माहिती प्रत्येक कामगाराला असावी. मात्र ती वाचून प्रशिक्षण पूर्ण होत नाही. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही, तसेच हे आहे.

१) विजेचा धक्का. वायरीला चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये, नाहीतर ओढणाराही चिकटतो. आधी मेन स्विच बंद करावा. तो लगेच सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. माणूस सुटल्यावर हाक मारून, खांदा हलवून पाहावा. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास चालू नसेल, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा श्वास घेत असेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने ताबडतोब छाती दाबावयास सुरुवात करावी. त्याला कठीण जमिनीवर उताणे झोपवावे. छातीच्या मध्यभागी तळहाताचा मागचा भाग ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा आणि कोपर ताठ ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. ज्याने रीतसर शिकून घेतले आहे त्याने तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत, इतरांनी नुसते दाबत राहावे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दाबणारा थकतो. रक्तप्रवाह थांबला की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, म्हणून रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसते उभे राहू नये. धक्का लागलेला माणूस उठून बसला, ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरीही त्याला डॉक्टरकडे न्यावे. हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो.

२) भाजणे. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, तूप, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. त्याने आग आतच राहते, जखम दूषित होते आणि डॉक्टरला भाजणे किती खोल आहे ते कळत नाही. सूज येण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, बांगडी काढावी. कातडीला चिकटलेला कपडा ओढून काढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकावे. ॲसिड अंगावर पडल्यास त्याने भिजलेले कपडे काढून भरपूर पाण्याने तो भाग धूत राहावे. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावे आणि जाड सुती चादरीने किंवा ओल्या गोणपाटाने आग दाबावी.

३) कापणे व रक्तस्राव. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबून धरावे. दहा मिनिटे हात उचलून ‘थांबले का’ असे पाहू नये. रक्त कापडातून वर आले तर त्यावरच दुसरे कापड ठेवावे. काच, खिळा किंवा पत्रा आत रुतला असेल तर उपटू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. बोटाला सुतळी किंवा रबर आवळण्याची जी सवय आहे ती घातक आहे. हातापायाचे रक्त थांबतच नसेल तर पट्टा आवळण्याची एक रीत आहे, परंतु ती प्रशिक्षणात शिकल्यावरच वापरावी.

बोट तुटून पडले तर ते टाकू नये. स्वच्छ, किंचित ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये. ते जखमीबरोबरच लवकरात लवकर मोठ्या रुग्णालयात पोहोचले तर पुन्हा जोडता येण्याची आशा असते. खिम्याच्या मशीनमध्ये हात अडकला तर ओढू नये, मशीन उलटेही फिरवू नये. वीज तोडावी आणि शक्य असल्यास मशीनचा तेवढा भाग सोडवून त्याच्यासह माणसाला रुग्णालयात न्यावे.

४) डोळा. कण गेला तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. चुना किंवा ॲसिड गेले असेल तर पापणी उघडी धरून किमान वीस मिनिटे पाण्याची धार सोडावी आणि मगच डॉक्टरकडे निघावे. धोटा किंवा लोखंडाची कीस जोरात लागून डोळ्याला जखम झाली असेल, तर मात्र धुवू नये व दाबूही नये. कागदी पेल्यासारख्या वस्तूने डोळा वरून झाकून तडक रुग्णालय गाठावे. काडीने किंवा रुमालाच्या टोकाने रुतलेला कण काढणारे ‘तज्ज्ञ’ प्रत्येक गल्लीत असतात. त्यांच्यापासून डोळा वाचवावा.

५) बेशुद्धी, झटके आणि टाकीतील वायू. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर त्याला एका कुशीवर वळवून ठेवावे. फेफरे आले तर कांदा, चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूची यंत्रे बंद करून डोक्याखाली कापडाची घडी ठेवावी. डाईंगच्या हौदात किंवा बंद टाकीत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे आत उतरू नये. वाचवावयास गेलेला दुसरा आणि तिसराही त्याच वायूने प्राण गमावतो. बाहेरूनच १०१ किंवा ११२ ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे.

प्रशिक्षण कसे घडवून आणावे?

प्रथमोपचाराचे शिक्षण काही डॉक्टरांपुरते नाही. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली ती सामान्य लोकांना, विशेषतः औद्योगिक कामगारांना हे शिकविण्यासाठीच. आपल्या देशातही ही संस्था व भारतीय रेडक्रॉस यांच्या शाखा असे वर्ग चालवितात व प्रमाणपत्र देतात. जवळच्या शाखेत चौकशी करावी.

एकट्या लहान मालकाला वर्ग भरविणे जड वाटेल. त्यावर उपाय म्हणजे एकाच गल्लीतील पाच-सहा कारखानदारांनी मिळून वर्ग ठेवावा. खर्च वाटला जातो आणि शेजारच्या शेडमध्ये अपघात झाला तर शिकलेला माणूस हाकेच्या अंतरावर असतो. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

• प्रत्येक पाळीत दोन माणसे शिकवावीत, एक रजेवर गेला तरी दुसरा असतो. निवड मालकाच्या नातेवाइकाची नव्हे, तर जो शांत डोक्याचा आहे आणि यंत्राजवळच काम करतो त्याची व्हावी. स्त्रिया काम करीत असतील तेथे एका स्त्रीलाही शिकवावे.

• कारागिरांना समजेल त्या भाषेत, मराठी, हिंदी किंवा उर्दूत, वर्ग मागावा.

• वर्ग सुटीच्या दिवशी ठेवला तर त्या दिवसाची मजुरी द्यावी. शिकण्यासाठी कामगाराचा रोज बुडावा हे बरे नाही.

• छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावरच करावा, धडधाकट माणसावर कधीही नाही.

• महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे उजळणी करावी. मेन स्विच कुठे आहे हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दाखवावे. कारागीर सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा शिकवावा.

• पेटीला कुलूप नको. तिच्यात गॉज, लहानमोठ्या पट्ट्या, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे आणि डोळे धुण्यासाठी सलाईनची बाटली असावी. वापरलेली वस्तू त्याच आठवड्यात भरावी.

• भिंतीवर ठळक अक्षरांत १०८ व ११२ हे क्रमांक, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव आणि आपल्या शेडचा पूर्ण पत्ता खुणेसह लिहावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही सांगता येत नाही. अरुंद गल्ली असेल तर एकाने नाक्यावर उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी.

पोलीस केसची भीती

काही मालक ‘पोलीस केस होईल’ या भीतीने जखमीला मोठ्या रुग्णालयात नेण्याऐवजी गल्लीतल्या दवाखान्यात मलमपट्टी करून घरी पाठवितात. हे माणुसकीच्या दृष्टीने चूक आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे की, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसांच्या सोपस्कारासाठी उपचार थांबविता येत नाहीत. शिवाय कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. लपविलेली जखम चिघळली की कामगाराचा हात जातो आणि मालकावरचा बोजाही वाढतो. अपघाताची तारीख, वेळ, कारण आणि केलेला उपचार एका वहीत लिहून ठेवावा. त्याच वहीवरून कोणत्या यंत्राला जाळी हवी आणि कोणती वायर बदलावयाची हेही कळत जाईल.

आपले बहुतेक कारागीर हातावर पोट असलेले आहेत. एका बोटाबरोबर त्याची कला जाते, एका डोळ्याबरोबर घराची चूल थंडावते. एका दिवसाचा वर्ग आणि एक भरलेली पेटी यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही. हा अंक वाचून झाल्यावर प्रत्येक मालकाने आपल्या शेडमधील पेटी उघडून पाहावी, आणि मग मुकादमाला एकच प्रश्न विचारावा: आज रात्रपाळीला ही पेटी वापरता येणारा माणूस कोण आहे? उत्तर मिळाले नाही, तर उद्याच शेजारच्या कारखानदाराशी बोलून वर्गाची तारीख ठरवावी.