किती लांब, ते नंतर विचार

पोरी, गड निवडताना तू उंची आणि किलोमीटर बघतेस. ते नंतर. आधी बघ, वाट चुकली तर आपल्याला कळेल का, आणि कळल्यावर मागं फिरता येईल का. ओरिएंटिअरिंग हा नकाशा-होकायंत्राचा खेळ स्वीडन-नॉर्वेकडं रुजला. तिथंही नवख्यांना पायवाट धरून जाणारा मार्ग देतात, जाणत्यांना आडरानात घालतात. आपल्या जुन्नर-आंबेगावात ही उतरंड आयतीच आहे.

सुरुवात शिवनेरीपासून. सात दरवाज्यांची बांधीव वाट, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. (साखळीची वाट त्याच गडाची, पण तिचं नाव इतक्यात काढू नकोस.) चावंडच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 मध्ये उडवल्या, आता आधाराला रेलिंग आहे. तिथं वाट शोधावी लागत नाही, छाती लागते. हडसरला तर दोन तऱ्हा: एक कातळकोरीव दरवाज्यांची, दुसरी खुंट्यांची. म्हणून नुसतं "हडसर जमेल का?" विचारू नकोस, कुठल्या वाटेनं ते बोल.

खरी परीक्षा सपाटीवर. दुर्ग-ढाकोबाचं पठार घे, नाहीतर आहुप्याहून भीमाशंकरकडं जाणारं रान. छाती फुटेल असा चढ नाही, पण ढोरवाटांचं जाळं आहे. ढोरवाट चांगली मळलेली दिसते आणि कारवीत शिरून विरून जाते. कड्याकडेनं चालताना खाली कोकण दिसतं तोवर दिशा हाताशी असते, झाडीत तेवढाही आधार नाही. आषाढात धुकं उतरलं की तीच वाट दोन इयत्ता वर चढते. बिबट्याची भीती सगळ्यांना. फाट्याची कुणालाच नाही!

आदल्या रात्री सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा उघड. मग तो मिटून वाटेतल्या खुणा क्रमानं सांग: सोंड, ओढा, खिंड. अडखळलीस तर एक इयत्ता खालची वाट घे. सोबत नवखं कुणी असेल तर त्याच्या तोंडून वदवून घे, तुझ्या नव्हे. आणि 1:50,000 च्या नकाशात समोच्च रेषा 20 मीटरला एक असते, 15 मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज दडतो. तो गावातच कळणार. तिथं "किती लांब?" विचारलंस तर "हे काय, इथंच" म्हणतील, त्यांच्या पायांना ते खरंच इथंच असतं. विचार, "मामा, पुढं काय लागतं? कुठला फाटा सोडायचा?" उत्तर ध्यानात राहीना, तर त्यांनाच वाटाड्या म्हणून सोबत घे आणि दिवसाची मजुरी निघायच्या आधी ठरव.