आकडीची वही कशासाठी?

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला वर्षभरापासून आकडी येते. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर प्रत्येक आकडीची नोंद ठेवायला सांगतात. त्याने काय साधणार? सासूबाई म्हणतात, लिहून ठेवू नका, उद्या लग्नात आडवं येईल.
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी मुलीला आकडी येताना बहुधा एकदाही पाहिलेलं नसेल. दवाखान्यात येते तेव्हा ती चांगली असते. मधल्या काळात काढलेला ईईजीसुद्धा पुष्कळदा नॉर्मल येतो. मोठ्या आकडीतलं मुलीला स्वतःला काही आठवत नाही. मग काय घडलं हे सांगणार कोण? पाहणारी माणसंच. आणि औषध कोणतं द्यायचं, हे बरंचसं त्या सांगण्यावर ठरतं.

सगळ्यात मोलाचे असतात पहिले काही सेकंद. घाबरल्यामुळे आपण नेमके तेच विसरतो. मान कुठल्या बाजूला वळली? झटके आधी एका हातात आले की एकदम सगळ्या अंगात? हाकेला ओ दिली का? नंतर एखादा हात थोडा वेळ लुळा पडला का? डाव्या हातापासून सुरुवात झाली, तर मेंदूच्या उजव्या बाजूकडे लक्ष जातं. तुम्ही तिला कुशीवर वळवा, दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. किती वेळ चालली ते घड्याळ बघूनच लिहा. अंदाज हमखास चुकतो.

या वयात आणखी एक गोष्ट आवर्जून बघा. सकाळी उठल्यावर हात दचकल्यासारखे उडतात का? कंगवा किंवा चहाचा कप हातातून सुटतो का? घरात याला धांदरटपणा म्हणतात आणि तो वहीत कधी येतच नाही. पण वयात येताना सुरू होणाऱ्या एका अपस्मारात हीच मोठी खूण असते, आणि त्यात कार्बामाझेपिनसारखी एरवी गुणकारी गोळी त्रास वाढवू शकते. बोलता बोलता क्षणभर हरवणं, टक लावून बघत राहणं, तेही लिहा.

शेजारी पाळीच्या तारखा, जागरण, ताप. चुकलेली गोळी तर लिहाच, आणि त्यासाठी मुलीला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि औषध पुरत नाही असं समजून डॉक्टर विनाकारण डोस वाढवतील. आकडी न आलेले महिनेही नोंदवा. साधारण दोन वर्षं तशी गेली, तर अपस्माराचा प्रकार पाहून गोळ्या कमी करण्याचा विचार होतो.

सासूबाईंची काळजी मी समजू शकते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्मार लग्नाच्या आड येत होता. १९९९ साली ती अट काढून टाकली. वही चारचौघांना दाखवायची नाहीच, ती मुलीकडे असू द्या. तिच्या पुढच्या आयुष्यासाठी तर ती फारच हवी. व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं, त्यामुळे कोणती गोळी कधी दिली आणि किती लागू पडली, हे डॉक्टरांना लग्नाच्या बरंच आधी कळायला हवं. मात्र मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.

आकडी पाच मिनिटांपुढे गेली, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर वही बाजूला ठेवा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात चमचा घालू नका. १०८ ला फोन करा.