थेंबाचा हिशोब
आमच्या विंगमधला नळ गळत होता. एका रात्री सहज खाली बादली ठेवली. आठ तासांत १५ लिटरची बादली काठोकाठ! म्हणजे दिवसाला ४५ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर, हे सिव्हिलवाल्यांना पाठच असेल. असे तीन नळ गळले की एका माणसाचं पाणी गेलं गटारात.

हे पाणी येतं पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणातून, नवेगाव खैरीमार्गे. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालं आणि खाली येणारा ओघ घटला. त्यात पाऊस लांबला. जुलै २०१९ मध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळालं.

धरण काही आपल्या हातात नाही. वॉशर मात्र मीच बदलला. पाना मेसच्या काकांनी दिला. दुसऱ्या मजल्यावरचे दोन नळ अजून बाकी आहेत.