चुलीतली राख पसरली तर चालणार नाही का?

प्रश्न : महाडजवळच्या गावी आमचं वडिलार्जित घर आणि परस-खाचर मिळून बारा गुंठे जागा आहे. यंदा पहिल्यांदाच भात करायचं ठरवलंय. चैत्रात गावी गेलो तेव्हा शेजारच्या काकू खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पाला आणि गवत रचून पेटवत होत्या. मी म्हटलं, ‘काकू, राखच हवी ना? मग चुलीतली आणून पसरा की!’ त्या नुसत्या हसल्या. का हसल्या असतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काकूंना राख नकोच होती. त्या माती भाजत होत्या.

तुम्ही पाहिलात तो राब. कुठे त्याला तरवा भाजणं म्हणतात, कुठे दाढ भाजणं. सगळं खाचर कुणीच भाजत नाही. रोपं ज्या तुकड्यात वाढवायची तेवढाच भाजायचा, आणि तो साधारण लागवडीचा दहावा हिस्सा असतो. दहा गुंठ्यांना एक गुंठा. उरलेल्या नऊ हिश्श्यांचं नशीब या एका हिश्श्यावर ठरतं, म्हणून सगळे लाड त्याचे.

पुढच्या वेळी जवळ जाऊन बघा. खाली वाळलेलं शेण, त्यावर ऐनाबिनाची कवळं म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर भुरभुरवलेली बारीक माती. ही वरची माती फार महत्त्वाची. ती नसली तर पाला भडकून दहा मिनिटांत खलास होतो आणि खालची जमीन थंडच राहते. मातीच्या पांघरुणाखाली राब तासन्‌तास धुमसत राहतो. पेटवायचा तोही वारा जिकडे चाललाय त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, रांगत पुढे सरकते. नुसती राखच करायची असती तर एवढा खटाटोप कुणी कशाला केला असता?

आता भाजून होतं काय? पहिलं म्हणजे वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. हे वाचताना किरकोळ वाटेल. पण भाताचं कोवळं रोप आणि देवभात या तणाचं रोप शेजारी शेजारी उगवलं की सुरुवातीला भले भले फसतात. मीही एका वर्षी तुमच्यासारखाच शहाणपणा केला होता. दोन घमेली चुलीतली राख पसरून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी वाफा असा हिरवागार की मी खूश! वाकून बघितलं तर निम्मी हिरवळ गवताची होती. ती उपटण्यात दोन दिवस गेले आणि गवताबरोबर रोपंही गेली ती गेलीच.

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. भाजलेल्या तरव्यातली रोपं काळपट हिरवी दिसतात. हा नत्राचा रंग. राखेत पालाश असतो, चुना असतो, थोडा स्फुरदही असतो. नत्र मात्र नसतं, ते धुराबरोबर निघून जातं. मग रोपांना ते मिळालं कुठून? तापलेल्या मातीतून. उष्णतेनं मातीतले बरेचसे सूक्ष्मजीव मरतात. पुढे ओल मिळाली की उरलेले झपाट्यानं वाढतात आणि मातीतच अडकून पडलेलं नत्र मोकळं होतं. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या प्रयोगशाळेत रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीचा हा गुण 1909 साली मांडला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर खास राबावरच अभ्यास केला आणि तो 1912 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच्याही आधी तुमच्या प्रश्नाचा भाऊबंद, राब खरंच लागतो का, सरकारदरबारी येऊन गेला होता. राबासाठी कवळं तोडण्यावर जंगल खात्याचे निर्बंध आले, तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी चिडले. 1885 मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे त्यांची ही तक्रार होती. जंगल खात्याला तोडलेल्या फांद्या दिसत होत्या आणि शेतकऱ्याला रोप. मला दोघांचंही म्हणणं पटतं, आणि म्हणूनच एका गुंठ्यासाठी तुम्ही नव्यानं कवळं तोडायला जावं असं मी सांगणार नाही. त्यात डोंगरउताराला घर असेल तर ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही.

मग करायचं काय? उन्हालाच भाजू द्या. एप्रिलमध्ये तो तुकडा उकरून ढेकळं फोडा, पाणी मारून ओला करा आणि त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. महिना-दीड महिना हात लावू नका. काळं प्लास्टिक घेऊ नका. ते स्वतःच तापतं, पारदर्शकातून ऊन थेट मातीत उतरतं. शेणकुटाच्या आगीची सर याला नाही, पण वरच्या थरातल्या तणाला पुरतं.

राखेची हौसही भागवता येईल, फक्त ती चुलीतली नको. गिरणीवरून भाताचं तूस आणा आणि काळं होईपर्यंतच जाळा. पांढरं फटक झालं की त्यातली सिलिका सहज विरघळत नाही. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या हिशेबानं ही काळी राख गादीवाफ्यात मिसळा. रोपं कणखर होतात आणि उपटताना मुळं सुखानं सुटतात. चारसूत्री भातलागवडीतल्या पहिल्या सूत्रात हीच राख आहे.

बियाण्याचं थोडक्यात सांगतो. दहा गुंठ्यांना चार किलो पुरे. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता, तरंगेल ते फेका, बुडालेलं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. रोहिणी लागायच्या आत प्लास्टिक काढून वाफे तयार ठेवा. नंतर मात्र माती खोल उकरू नका, नाहीतर खालचं जिवंत तण वर येईल आणि सगळी मेहनत वाया.

चुलीतली राख परसातल्या अळवाला घाला. आणि काकूंकडून धुळवाफेची, म्हणजे पावसाआधीची कोरडी, पेरणी कधी करायची ते विचारून घ्या. त्या आभाळाकडे बघून सांगतील, मी ठाण्याच्या पत्त्यावर ते कळवू शकत नाही.