घराची खासगी विक्री आणि दलालाचे कर्तव्य

लखनौमध्ये चौक किंवा अमीनाबाद येथील वडिलार्जित हवेली असो, अथवा अलीगंज किंवा गोमतीनगर येथील घर असो, विक्रीची वार्ता पुष्कळदा फलकावर वा वृत्तपत्रात न येता दलालाच्या तोंडूनच ग्राहकापर्यंत पोहोचते. कर्जाची निकड किंवा वारसांतील मतभेद यांचा बोभाटा मालकाला नको असतो. परंतु या गुप्ततेची किंमतही त्यालाच मोजावी लागते. भाव उघड नसल्यामुळे दलाल सांगेल तेवढेच त्याला कळते.

म्हणूनच अशा व्यवहारात दलालाच्या कर्तव्याला विशेष महत्त्व येते. भारतीय करार अधिनियम, 1872 प्रमाणे ज्याच्यावर मालकाने विक्रीचे काम सोपविले तो दलाल त्याचा अभिकर्ता होय. त्याने मालकाच्या सूचनेनुसार व योग्य दक्षतेने काम करावे आणि मागितला असता हिशेब द्यावा, असे हा कायदा सांगतो. कलम 215 मधील उदाहरण घराच्या व्यवहारास तंतोतंत लागू पडते. मालमत्ता विकण्यास नेमलेल्या अभिकर्त्याने ती दुसऱ्याच्या नावाने स्वतःच विकत घेतली आणि महत्त्वाची वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपविली, किंवा विक्री मालकाच्या तोट्याची ठरली, तर मालकाला ती नाकारता येते.

समजा, मालकाला 50 लाख रुपये हवे आहेत आणि ग्राहक 53 लाख देण्यास तयार आहे. वरचे 3 लाख दलालाने गुपचूप ठेवले, तर ती दलाली नव्हे. ती रक्कम मालकाचीच होय. मात्र वरची रक्कम दलालाने घ्यावी असे आधीच उघडपणे ठरले असेल, तर गोष्ट निराळी. दोन्ही पक्षांकडून दलाली घ्यावयाची असल्यासही दोघांना तिची कल्पना असणे आवश्यक आहे.

दलाली केव्हा देय होते? वेगळा करार नसेल तर सोपविलेले काम पूर्ण झाल्यावर. परंतु काम म्हणजे ग्राहक मिळवून देणे, की खरेदीखताची नोंदणी होणे? कलकत्त्यातील एका घरासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये या प्रश्नाचा विचार केला. विक्रीची बोलणी करण्याचे काम दलालावर होते व त्याने तयार ग्राहक आणला होता. नंतर मालकाने व्यवहार परस्पर केला, तरी दलालाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. उलट, कामात गैरवर्तन करणाऱ्यास त्या भागाचा मोबदला मागता येत नाही.

स्थावर संपदा अधिनियम, 2016 ने दलालांना नोंदणी सक्तीची केली. पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती. उत्तर प्रदेशच्या प्राधिकरणाचे मुख्यालय लखनौमध्येच असले, तरी जुन्या घराची खासगी फेरविक्री सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहते. तेथे मालकाचे खरे संरक्षण लेखी करारात आहे. किमान किंमत, दलालीचा दर, ती कोणी व केव्हा द्यावयाची आणि अधिकारपत्राची मुदत, या गोष्टी आरंभीच कागदावर आल्या, तर गुप्तता राखूनही फसवणूक टाळता येते.