दमेकरी आणि कोविडची ड्युटी

एप्रिल २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत सरकारने दरमहा ५०० रुपये जमा करायला सुरुवात केली आणि कडक टाळेबंदीतही बँकांपुढे रांगा लागल्या. बँक ही अत्यावश्यक सेवा, त्यामुळे शाखा उघड्याच होत्या. ठाणे जिल्ह्यातल्या अशाच एका शाखेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका बाईंना लहानपणापासून दमा. घरच्यांचा एकच धोशा होता, रजा टाक. शाखेत मात्र निम्मीच माणसं येत होती. बाई कामावर जात राहिल्या. त्यांच्या जाण्याबद्दल कुणी काही म्हणू शकेल, पण त्यांना भोवलं ते जाणं नव्हतं.

व्हॉट्सअॅपवर तेव्हा दोन गोष्टी फिरत होत्या. एक, दमेकऱ्याला कोविड झाला की संपलंच. दुसरी, पंपातल्या स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती मरते. बाईंनी दुसरीवर विश्वास ठेवून सकाळ-संध्याकाळचा पंप बंद केला आणि काढा व वाफ सुरू केली. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. या औषधाची हीच गोम आहे: ते बंद केल्यावर लगेच त्रास होत नाही, श्वासनलिकांची सूज हळूहळू परत येते. तोवर माणसाची खात्री पटलेली असते की पंपाची गरजच नव्हती.

शाखा रोज उघडण्याआधी हायपोक्लोराइट फवारून पुसली जायची, दारं-खिडक्या बंद ठेवून. ब्लीचसारख्या रसायनांच्या वाफेने दमा उसळतो, हे सफाईच्या कामातल्या लोकांमध्ये कोविडच्या फार आधीपासून दिसून आलेलं आहे. एका सकाळी काउंटरवर बसल्या बसल्या बाईंना खोकल्याची ढास लागली, मग घरघर, मग वाक्य पुरं होईना. खोकला ऐकून समोरची रांग आपसूक मागे सरकली. जवळच्या दवाखान्याने कोविडचा रिपोर्ट आणल्याशिवाय आत घ्यायला नकार दिला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो साधा दम्याचा झटका होता, आणि टाळता येण्यासारखा होता.

‘मी कोविडला घाबरत राहिले आणि दम्याकडे पाठ फिरवली,’ असं त्या आता दुसऱ्या दमेकऱ्यांना सांगतात.

त्यांच्या भीतीला आधार किती होता? इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासणारा ‘ओपनसेफली’ हा अभ्यास जुलै २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. वय, मधुमेह, स्थूलपणा यांचा हिशेब धरल्यावर साध्या दम्यामुळे कोविडने मरण्याची शक्यता वाढलेली दिसली नाही. ज्यांना नजीकच्या काळात दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या, त्यांच्यात ती थोडी वाढलेली होती. म्हणजे नुसता ‘दमा’ हा शब्द फारसं सांगत नाही. तो किती आटोक्यात आहे, हे सांगतं. आणि ज्या औषधाला बाई घाबरल्या, त्याच जातीचं ब्युडेसोनाइड पुढे ऑक्सफर्डच्या चाचण्यांत कोविडच्या रुग्णांना पंपाने दिलं गेलं, आणि घरी राहून उपचार घेणारे रुग्ण त्याने काहीसे लवकर बरे झाले!

मग कामावर जावं की नाही, हे ठरवायचं कशावरून? आधी गेले चार आठवडे आठवायचे. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? तातडीचा पंप तितक्यांदा लागला का? दम्याने रात्री जाग आली का? जिना, चालणं, घरकाम यांत अडलं का? जगभरचे डॉक्टर दम्यावरचा ताबा याच चार प्रश्नांनी जोखतात. चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा ताब्यात आहे. तीन किंवा चार ‘हो’ आली, तर साथ असो-नसो, आधी डॉक्टर गाठायचा. वर्षभरात दम्यासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागलं असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या पुन्हा पुन्हा लागल्या असतील, तर गर्दीतल्या कामापासून लांब राहण्याचा आग्रह धरायलाच हवा. ब्रिटनमध्ये अशा तीव्र दम्याच्या रुग्णांना सरकारनेच पत्र पाठवून घरी थांबायला सांगितलं होतं.

आपल्याकडे असं पत्र कुणाच्या दारी आलं नाही. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये आधीपासून उपचार घेत असलेल्या आजारी कर्मचाऱ्यांना शक्यतो पाळीतून वगळण्याचं परिपत्रक काढलं, पण ते केंद्राच्या नोकरांपुरतं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत दमा नाही. टाळेबंदीत पूर्ण पगार देण्याचा गृहखात्याचा आदेशही १८ मे २०२० पासून उठला. ईएसआय या कर्मचारी विमा योजनेखाली आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं, पण डॉक्टरांनी आजारी ठरवल्यावर. आजारी पडण्याच्या भीतीपोटी नाही. ‘रजा टाक’ हा सल्ला म्हणूनच पगारी रजा शिल्लक असणाऱ्यांच्या घरातला आहे. इमारतीचा वॉचमन किंवा घंटागाडीवरचा माणूस तो ऐकून काय करणार?

अशा वेळी घर की नोकरी यापेक्षा कामात काय बदलता येईल, हा प्रश्न जास्त कामाचा. बाईंच्या बाबतीत तसंच झालं. डॉक्टरांनी चिठ्ठीत नुसतं ‘दम्याची रुग्ण’ असं लिहिलं नाही. कशाने त्रास होतो, शेवटचा झटका कधी आला आणि कामात कोणता बदल हवा, हे लिहिलं. ‘दमा आहे’ एवढ्यावर साहेब काय करणार? ‘जंतुनाशक फवारणी संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर करावी’ यावर करता येतं. फवारणीची वेळ बदलली, बाईंना खिडकीजवळच्या टेबलावर क्लिअरिंगचं काम मिळालं, आणि शाखेचा एक रुपयाही खर्च झाला नाही. पंप अर्थातच त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाला.

त्यांनी पीक फ्लो मीटरही घेतला. जोरात फुंकर मारून आकडा बघायचं हे स्वस्त यंत्र आपल्याकडे फार थोड्या दमेकऱ्यांच्या घरी असतं. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असलं तर हिरवा पट्टा, ५० ते ८० पिवळा, त्याखाली लाल. पिवळ्याच्या दिवशी काय वाढवायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. लाल आला तर तातडीचा पंप घेऊन सरळ रुग्णालय. कामावर नेब्युलायझर नेऊ नये, त्याच्या फवाऱ्यातून विषाणू हवेत पसरण्याचा धोका असतो. झटक्याच्या वेळी स्पेसर लावलेला पंप बहुतेकदा तितकंच काम करतो.

१ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा बाई फाइल घेऊन केंद्रावर गेल्या आणि परत आल्या. यादीत श्वसनाचा विकार होता, पण मागच्या दोन वर्षांत रुग्णालयात भरती व्हावं लागलेला किंवा फुप्फुसांची क्षमता निम्म्याखाली नेणारा. पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून लस खुली झाली, तेव्हा त्यांनी घेतली.

पुढची साथ कोणती असेल ते असो, फ्लू दर पावसाळ्यात येतोच. आपला दमा शेवटचा कधी तपासला ते आठवत नसेल, तर रजेचा अर्ज लिहिण्याआधी तो तपासून घ्या, आणि पंप कुणाच्याही सांगण्यावरून स्वतःच्या मनाने बंद करू नका.